लाईट गेल्यावरची फेरी

पंखा थांबला. डोक्यावरची ती घरघर गेली की बाहेरचं सगळं एकदम घरात येतं. विळ्यांची खसखस, बांधावरून कोणी कोणाला मारलेली हाक, तारेवर बसलेल्या वेड्या राघूंची किरकिर. आश्विन सरत आलाय. आमच्या अंगणापासून थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत भात पिवळं झालंय आणि त्याचा तो वास सुटलाय, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा आणि खालच्या ओल्या मातीचा. वर्षभर हा वास मला आठवत नाही. आला की मात्र दुसरं काही आठवू देत नाही. पूर्वी मला तो आवडायचा.

हे उठले. हे म्हणजे माझे यजमान. गाव त्यांना अण्णा म्हणतं. चहा अर्धा टाकून उठले, खुंटीवरची किल्ली घेतली, टोपी डोक्यावर चढवली. कुठे निघालात, असं मी विचारलं नाही. लाईट गेली की हे गाडी बाहेर काढतात आणि गावातून एक फेरी मारतात. देवळापर्यंत जायचं, तिथून व्हॅनवाल्या बबनच्या घरावरून वळून परत. भर दुपारी दिवे लावून. गाडी विजेची, तिला आवाज नाही, म्हणून हॉर्न वाजवत. पोरं ओरडतात, "आली अण्णांची फेरी!" बायका तोंड फिरवून हसतात. हसा बाई, हसा. मागच्या वर्षी याच दिवसांत, अशीच लाईट गेलेली असताना, माझ्या मंदाला फुरसं चावलं आणि आमच्या दारात पूर्ण चार्ज करून ठेवलेली गाडी कोणी घेतली नाही. तेव्हापासूनची ही फेरी आहे. तेव्हा कोणाला हसू आलं नव्हतं.

मंदा माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये एक मेंदीचं कुंपण, आणि त्याला एक खिंडार. ते खिंडार आम्हीच पाडलेलं, ये-जा करायला. ती तुकारामची बायको. तुकाराम म्हणजे यांचा लहानपणापासूनचा सोबती, दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकले. कापणीचा हंगाम खरा मंदाचा. आमच्याकडे अजून सावड चालते. आज तुझ्या शेतात सगळ्यांनी कापायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, काही नाही. ज्याचं शेत त्याने जेवू घालायचं, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. मंदा ओळीत सगळ्यांच्या पुढे असायची. विळा असा फिरवायची की मागच्या बायका म्हणायच्या, हिला कुठं गाडी पकडायचीय का. माझे गुडघे गेले तसं मी कापणं सोडलं आणि किटली घेऊन जायला लागले. मला लांबून पाहिलं की ही ओरडायची, "आल्या गं आल्या, सावलीतल्या बाई आल्या! सरका रं, त्यांना ऊन लागंल!" आणि मग माझ्याच हातचा चहा तीन वेळा मागून घ्यायची. इतकं गोड कसं पचायचं तिला, कोण जाणे.

गावात गाडी एकट्याची नसते. शहरातल्या माणसाला हे सांगून कळायचं नाही. तिथे गाडी म्हणजे ज्याची त्याची हौस. इथे ज्याच्या दारात गाडी, त्याचं दार केव्हाही वाजणार. कोणाला कळा सुटल्या, कोणाचं पोर तापानं फणफणलं, कोणी माडावरून पडला, की दारावर थाप. हे आधी पँट चढवायचे आणि मग विचारायचे, कोण आहे. आमच्या दोन गाड्या झाल्या पेट्रोलच्या. पहिलीच्या मागच्या सीटवर मंदाची सुरेखा जन्मली. रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी काही संपेना, आणि फाटक उघडेपर्यंत पोरीने वाट पाहिली नाही. ती सीट मी स्वतः घासून धुतली होती. अशा फेरीचं कोणी भाडं देत नाही आणि घेत तर कोणीच नाही. पण माणूस बरं होऊन घरी आलं, की त्या घरचं कोणीतरी येऊन गाडीच्या चाकावर नारळ फोडून जातं. मग ओटीवर वाल, नाही तर भोपळा, नाही तर अंडी. आमच्या गाडीच्या चाकावर किती नारळ फुटले असतील! यांना त्याचा फार तोरा होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण खोबरं वाटताना चेहऱ्यावर दिसायचं.

यांचा जन्म भिवपुरीच्या वीजघरात गेला. डोंगरावरून ते जाडजूड नळ उतरतात, त्यातून पाणी येतं, खाली चक्र फिरतं आणि वीज होते. लग्न झाल्यावर मला पहिल्यांदा तिकडे नेलं होतं यांनी, दुसरीकडे कुठे नेतील तर शपथ. मी शिळफाट्याची, हायवेवरच्या बाजारात वाढलेली. मला वाटलं होतं, निदान माथेरान दाखवतील. तर हे नळ दाखवत उभे. "हे पाणी बघ. हितून मुंबईला दिवे लागतात." मी म्हटलं, "आणि आपल्या गावात का जातात मग?" त्यावर हे हसले होते. निवृत्त झाल्यावर दुसरी गाडी मोडीत काढायची वेळ आली, तेव्हा यांनी ठरवलं की घ्यायची तर विजेचीच. म्हणाले, "जन्मभर माझ्या डोळ्यांदेखत वीज डोक्यावरच्या तारांवरून निघून गेली. एकदा तरी माझ्या दारात चाक फिरवू दे तिला." असं बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मीही म्हटलं नाही.

माझा भाऊ विलास शिळफाट्याला गॅरेज चालवतो. त्याने ऐकलं तेव्हा हातातला पाना खाली ठेवला. "ताई, भाऊजी रिटायर झाले का येडे झाले?" मग त्याने ओळीने सांगायला सुरुवात केली. घाटात दम सोडंल. पावसात पाण्यातनं गेली तर आतल्या माणसाला शॉक. बॅटरी गेली की गाडीच गेली. जुनी झाल्यावर इकायला काढली तर कुत्रं इचारणार नाय. मी म्हटलं, तू चालवलीस का कधी? म्हणाला, "चालवायला कशाला पायजे? ताई, पेट्रोल संपलं तर बाटली घेऊन माणूस पाठवता येतो. वीज काय बाटलीत भरून आणणार हायेत भाऊजी?" गॅरेजमधली सगळी हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. त्या बाटलीवर आता मात्र हसू येत नाही.

गुढीपाडव्याला गाडी आली. निळी. दारात उभी राहिली तेव्हा आली हेच कळलं नाही. मी आत पुरण वाटत होते. सगळं गाव बघायला लोटलं आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. "अण्णा, एका चार्जिंगला किती जाते?" सुरुवातीला हे मनापासून सांगायचे. कल्याणला जाऊन परत, मग पनवेलला जाऊन परत, वर उरलेल्यात कर्जतचा बाजार. समोरचा मान हलवायचा आणि पुढचा येऊन पुन्हा तेच विचारायचा. वाण्याने विचारलं, पुजाऱ्याने विचारलं, भात भरडायच्या गिरणीवर विचारलं. मला एक सांगा, त्या बबनच्या व्हॅनला जन्मात कोणी विचारलं होतं का, की टाकीत किती आहे? तिचा काटा तर कायम खाली टेकलेला. बबन शंभराचं टाकायचा आणि शंभराचं संपेपर्यंत फिरवायचा. पण तिला कोणी काही विचारत नव्हतं, कारण ती आवाज करायची.

मुंबईचे लोक शनिवार-रविवारी इथे येतात, त्यांच्याही गाड्या आता विजेच्या असतात. त्यांच्या फार्महाऊसच्या फाटकाआड गाडीला वीज पाजायचे खांब उभे आहेत. एकदा चौकला लग्नाला गेलो होतो, येताना अशाच एका ठिकाणी हे सहज विचारायला थांबले. वॉचमन आमच्याच बाजूचा पोरगा, पण हिंदीत म्हणाला, "सिर्फ गेस्ट के लिए है." यांच्या हाताखालून गेलेली वीज असेल ती, कोण जाणे. हे बरं म्हणाले आणि निघाले. आमचं घरच्या घरी भागत होतं, तो भाग वेगळा. पण गावातल्या ज्या पोरांनी हे ऐकलं, त्यांनी पेट्रोलच्याच बाइक घेतल्या, आणि मी त्यांना तरी काय बोलणार?

दसऱ्याला गाड्यांची पूजा असते. देवळापुढे ओळीने ट्रॅक्टर, टेंपो, बाइक, बबनची व्हॅन आणि टोकाला आमची निळी. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. इंजिनाला कुंकू लावायची पद्धत. म्हणून बबनने हौसेने आमचं बॉनेट उचललं आणि आत वाकून बघतच राहिला. मग ओरडला, "अण्णा, फसवलं तुमाला! आत कायच नाय!" सगळं देऊळ हसलं. मंदा तर खालीच बसली हसून हसून. तिने बोटभर कुंकू घेतलं आणि चारी चाकांना लावलं. "जे फिरतं त्याला लावायचं," म्हणाली. मग मला हळूच म्हणाली, "वैनी, कापणी उरकली की मला या मुक्या गाडीतनं सुरेखाकडं नेशील?" सुरेखा खालापूरला दिलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं, नेते की. "आनि मधीच लाईट गेली तर?"

हे तिने खरंच विचारलं होतं. मी समजावलं, "अगं, रात्री पोट भरून ठेवलेलं असतं तिचं. लाईट गेली तर तुझा मोबाइल बंद पडतो का?" ती म्हणाली, "त्यो केवढा, आनि ही केवढी!" तिचा काय दोष? आमच्या गावात लाईट गेली की गिरण बंद, नळाची मोटर बंद, टीव्ही बंद, थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही बंद. विजेवर चालणारं जे जे माहीत, ते सगळं लाईटबरोबर जातं. मग विजेची गाडी मागे कशी राहील? असं कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं, सगळ्यांना आपोआप कळलेलं होतं. त्या पावसाळ्यात आमचं दार एकदाही वाजलं नाही. बबनच्या शेजारच्या म्हाताऱ्याला दम लागला तेव्हा बबनची व्हॅन गेली. एक बाळंतीण टेंपोत घालून नेली, टेंपोत! आमच्या दारावरून नेली. हे उठून कडीपर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे.

आणि मग ती दुपार. तुकारामच्या शेताची सावड होती. लाईट सकाळपासून गेलेली. मी किटली भरून निघायच्या बेतात, हे ओटीवर दाढी करत बसलेले. शेताकडून माणसं पळत येताना दिसली. पुढे तुकाराम, त्याच्या पाठीवर मंदा. मला आधी वाटलं, ऊन लागलं असेल. मग तिचा हात दिसला. कापलेल्या भाताचा भारा उचलायला वाकली आणि खाली फुरसं होतं. हात मनगटापर्यंत सुजून काळा पडायला लागला होता. मी किटली तिथेच टाकली. हे अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून उठले, किल्ली घेतली आणि ओरडले, "तुकाराम, थांब! गाडी काढतो!"

तुकाराम थांबला नाही. पळता पळताच बोलला, "लाईट नाय अण्णा, ऱ्हाऊ द्या!"

ऱ्हाऊ द्या. एखाद्याने चहा विचारावा आणि आपण नको म्हणावं, तसं म्हणाला. मान राखून. तो शब्द मी अजून ऐकते.

आमचं घर शेताला लागून, गावाच्या तोंडाशी. बबनचं घर पार दुसऱ्या टोकाला, देवळाच्या पलीकडे. पाठीवर बायको घेऊन तुकाराम तेवढं सगळं पळाला, घरांमधल्या बोळांतून, जिथे गाडी शिरत नाही. हे गाडी काढून रस्त्याने मागोमाग गेले, मी शेजारी बसले. बबनच्या दारात पोचलो तर व्हॅन सुरू होत नव्हती. पेट्रोल नव्हतं. कोणीतरी बाइकची नळी काढून बाटलीत पेट्रोल उतरवत होतं. पाण्याची बाटली, प्लॅस्टिकची. अँब्युलन्सला फोन लावायला एक जण माळावर पळाला होता, कारण टॉवर गेलेला. हे गाडीतून उतरले, मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "हितं ठेव रं तिला. चल. आत्ता निघू." आमची गाडी तिथे चालत आलेली होती! सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, लाईट नसताना, आपल्या चाकांवर चालत आली होती. पण आवाज न करता आली होती, म्हणून ती आली हे कोणाच्या डोक्यातच शिरलं नाही. तुकारामने यांच्याकडे बघितलं. म्हणाला, "नको अण्णा. मधीच उभी ऱ्हायली तर?" बाकीचे म्हणाले, नको, नको, पेट्रोलचीच बरी. मी ओरडले, मेल्यांनो, बसवा ना तिला! मंदाने माझ्याकडे बघितलं. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ती काहीच बोलली नाही, आणि मंदा बोलत नाही याचाच मला जास्त धसका बसला.

व्हॅन खोकली, धूर सोडला, घरघरली. त्या आवाजाने सगळ्यांच्या जिवात जीव आला, मी बघत होते. संकटात माणसाला आवाज लागतो. धडधडलं, धूर निघाला, की वाटतं काहीतरी होतंय. मंदाला व्हॅनमध्ये घातलं आणि व्हॅन निघाली. आम्ही मागे निघालो. आमच्या मागच्या सीटवर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, कुठे उभं भात, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या पेंढ्या, आणि पुढे ती व्हॅन धूर सोडत. यांच्या गालावरचा साबण वाळला होता.

कर्जतच्या वाटेवर, दहिवलीच्या अलीकडे पंप लागतो. बबनने व्हॅन पंपात घातली. बाटलीतलं पुरेल की नाही, याची त्याला भीती वाटली. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मुंबईच्या गाड्यांची इथे रीघ असते. पुढे तीन-चार गाड्या होत्या. तुकाराम उतरून त्यांच्यापुढे हात जोडत होता, "पेशंट हाय, पेशंट हाय." हे व्हॅनच्या मागे थांबले. आमच्या गाडीला तिथे काही काम नव्हतं. हे उतरले, पुन्हा मागचं दार उघडलं आणि तसंच उघडं धरून उभे राहिले. बोलून झालं होतं. पंपावरच्या पोराने आमच्या गाडीकडे बघून यांना विचारलं, "काका, एका चार्जिंगला किती जाते?"

कर्जतच्या दवाखान्यात जे करायचं ते सगळं केलं त्यांनी. मग पनवेलला हलवली. रक्त थांबत नव्हतं, मग लघवी बंद झाली. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच म्हणत असतील. तेवढ्या वेळाने मंदा वाचली असती का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची सोय त्या दुपारी कोणी ठेवली नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. ती आजारी असेपर्यंत तुकारामला पनवेलला कोण न्यायचं? हेच. आमच्याच गाडीतून. रोज जायचं, रोज यायचं. तुकारामचा चुलतभाऊ पुढच्या सीटवर बसून म्हणाला, "चालते की ओ अण्णा ही!" आता मधीच उभी राहील अशी धास्ती कोणाला वाटत नव्हती. कारण आता घाई नव्हती.

मी यांना म्हटलं, विकून टाका. विलास म्हणाला, विकून टाका, मी गिऱ्हाईक बघतो. हे ऐकेनात. मंदाचं तेरावं झालं आणि त्यानंतर पहिल्यांदा जेव्हा लाईट गेली, तेव्हा हे ताटावरून उठले, किल्ली घेतली आणि बाहेर पडले. हॉर्न ऐकून मी दारात आले. दिवे लावून, अंगावर येणाऱ्या उन्हात, बैलगाडीच्या वेगाने हे चालले होते. माझं कपाळ! मला लाज वाटली, खरंच वाटली. डोक्यावर परिणाम झाला की काय, असं वाटलं. घरी आल्यावर म्हटलं, कशासाठी हे? तर हात धुऊन पुन्हा ताटावर बसले आणि म्हणाले, "बघू दे त्यांना. लाईट नसताना चालते, एवढं डोळ्यांना माहीत होऊ दे. तोंडानं सांगून झालं." वर्ष होत आलं त्याला. गावात अजून एकानेही विजेची गाडी घेतलेली नाही. आमचं दारही वाजलेलं नाही. यंदाच्या दसऱ्याला बबनने नवी व्हॅन आणली, पेट्रोलचीच. तिच्या चाकावर पहिला नारळ तुकारामने फोडला.

मला तुकारामचा राग येतो. येतोच. दार उघडं होतं रे, दोनदा उघडं होतं! आणि मग तो कुंपणाच्या त्या खिंडारापाशी एकटा उभा दिसतो, पलीकडून कोणी यायचं आहे असा, तेव्हा रागाला धरून ठेवायला काही उरत नाही. हे दोघं भेटतात, पाऊसपाण्याचं बोलतात. त्या दुपारचा शब्द दोघंही काढत नाहीत. एका ओढ्यात पोहायला शिकलेली माणसं.

तर आज पंखा थांबला, हे उठले, आणि आज मीही उठले. तुकारामच्या खळ्यावर झोडणी होती आणि मला चहा न्यायचा होता. किटली मांडीत धरून मी यांच्या शेजारी बसले. फेरीला मी पहिल्यांदाच. हॉर्न वाजवत देवळापर्यंत गेलो, बबनच्या घरावरून वळलो. नवी व्हॅन दारात चकचकत होती. पोरं गाडीमागे पळाली. मी सरळ समोर बघत बसले. परतताना यांनी खळ्याशी गाडी थांबवली.

खळ्यावर बरीच माणसं होती. तुकाराम भाताच्या पेंढ्या दगडावर झोडत होता, अंगभर भुसकट. सुरेखा आणि तिचा नवरा खालापूरहून मदतीला आले होते. मी चहा ओतायला घेतला आणि माझ्या हाताने आपसूक एका कपात जास्त साखर टाकली. सुरेखाने ते बघितलं, आणि तो कप तिनेच घेतला. चेहरा अगदी आईचा. जावई पोरगा चांगला आहे, कंपनीत कामाला, गाडी घ्यायची म्हणतोय. तो आमच्या निळ्या गाडीभोवती फिरला, चाकाला हात लावला, आत वाकून बघितलं. त्या दुपारचं त्याला कोणी सांगितलं नसणार. सांगणार तरी कोण? त्याने साधंच विचारलं.

"अण्णा, एका चार्जिंगला किती जाते हो ही?"

यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कर्जतपर्यंत जाते," हे म्हणाले.

तुकारामने पेंढी डोक्यावर उचललेली होती. ती तशीच वर राहिली.

जावई हसला. "काय अण्णा, फक्त कर्जतपर्यंत?" त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. खळ्यावर बाकी कोणी हसलं नाही.